बुधवारची नीतिसूत्रं

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार बायका दर आठवड्याला एकाच बाकावर बसल्या की ते आपोआप साठतात, चुलीवरच्या छपराला काजळी धरावी तसे. पुसायला गेलं की हाताला लागतात.

आमचा बाक होता रत्नागिरीतल्या आमच्या छोट्याशा चर्चच्या व्हरांड्यात. ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं. मी मूळची नगरकडची. मिस्टर इथल्या हायस्कूलमध्ये शिकवत, म्हणून लग्नानंतर इकडे आले. बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थना असायची. येणाऱ्या बऱ्याच, पण न चुकता येणाऱ्या आम्ही चौघीच. एक मी. दुसऱ्या पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांची पत्नी, त्याच शिकवायच्या. तिसरी सुलभा, माझ्याच वयाची, घरी शिवणकाम करायची. तिचा नवरा दानिएल मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात होता. आणि चौथ्या एस्तेरमावशी. दवाखान्यात आया म्हणून उभा जन्म काढलेल्या, विधवा, मूलबाळ नाही. शेजारच्या चुलीत निखारा असला तर मावशी आपली काडेपेटी उघडायच्या नाहीत.

महागाईने सगळ्यांचीच ओढाताण चाललेली. पाळकीणबाई म्हणाल्या, "आता आपण पवित्र शास्त्रातलं नीतिसूत्रांचं पुस्तक घेऊ. पैसा कसा राखावा, घर कसं चालवावं, सगळं त्यात आहे."

सगळं होतं खरं. फक्त आमच्या घरातली माणसं त्यात नव्हती.

*

पहिला धडा मुंगीचा. तिच्यावर मुकादम नाही की साहेब नाही, तरी ती उन्हाळ्यात अन्न साठवते. आळशाने तिच्याकडे बघून शिकावं, असा.

इथल्या बायकांना हे शिकवायची गरज नव्हती. पावसाळ्यात होड्या बंद, ताजी मासळी नाही, म्हणून मे महिन्यातच सुकी मासळी, आमसुलं, लाकूडफाटा सगळं भरून ठेवतात. बेगमी म्हणतात त्याला. सुलभाने त्या वर्षी शिवणाच्या पैशांतून सुके बांगडे घेतले, मडक्यात भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं माळ्यावर ठेवलं. आषाढात काढायला गेली तर आत काही नाही.

दानिएलला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "यशवंताकडे दिले. त्याच्याकडे चूल पेटली नव्हती गो. घरात काय मिळतं ते शोधत होतो, तर देवाने नेमकं माळ्यावर ठेवलेलं."

"देवाने नाही," सुलभा म्हणाली. "मी ठेवलेलं."

यशवंत हा दानिएलचा लहानपणापासूनचा मित्र, दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. त्याची पोरं लहान होती.

सुलभाने हे बुधवारी सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. हसू थांबल्यावर तिने विचारलं, "बाई, मुंगीला नवरा असतो का?"

पाळकीणबाईंनी गीतांचं पुस्तक उघडायला सांगितलं.

*

एस्तेरमावशींचं एक सांगते. त्या नवऱ्याच्या चपला घालायच्या. नवरा जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे. चपला मापाला मोठ्या, त्यामुळे मावशी येतायत हे गेटपासूनच फटक फटक कळायचं. मी नवीन होते, एकदा विचारलं, "मावशी, ह्या त्यांच्या ना?"

"माणूस गेला," त्या म्हणाल्या. "चपला कशाला गेल्या?"

त्यांच्या दारात दोन माड होते. पडलेल्या नारळांतला दहावा त्या देवाचा म्हणून चर्चमध्ये आणून द्यायच्या. दशमांश. पण तो नारळ नेहमी पोरांच्या मुठीएवढा. शेवटी पाळकीणबाईंनी छेडलं, "मावशी, देवाचा नारळ दरवेळी लहानच कसा हो?"

"मी कुठे निवडते? दहावा पडेल तो त्याचा. आणि पाडतो कोण? तोच. मोठा हवा असता तर त्याने मोठा पाडला असता."

*

मग जामिनाचा धडा आला. शेजाऱ्यासाठी जामीन राहू नकोस, हातावर हात मारून शब्दात अडकू नकोस, अडकलास तर हरणासारखा पारध्याच्या हातून सूट. पाळकीणबाईंनी फार छान समजावलं. सुलभाचा चेहरा उतरत गेला, कारण त्याच आठवड्यात यशवंत स्वतःची होडी घेणार होता आणि सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून दानिएल सही करणार होता.

ती घरी गेली आणि शास्त्र उघडून तो भाग नवऱ्यासमोर मोठ्याने वाचला. दानिएलने पूर्ण ऐकून घेतलं. तो कधीच आवाज चढवायचा नाही.

"हे शेजाऱ्याबद्दल आहे," तो म्हणाला. "यशवंत कुठे शेजारी आहे?"

सही झाली. होडी आली. तिला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, दानिएलला पहिल्या दिवशीचे पापलेट मिळाले. त्यातला एक आमच्याकडेही आला होता. वर्षभर यशवंताने एकही हप्ता चुकवला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. माणूस खोटा नव्हता.

दिवाळीच्या आधी वादळ झालं. होडी खडकावर फुटली. बरोबरचे दोघे पोहत आले. यशवंताचं प्रेत काही दिवसांनी इथल्याच काळबादेवी गावच्या किनाऱ्याला लागलं.

पुढचे हप्ते दानिएलवर आले. त्याचा पगार पुरेना. शेवटी सोसायटीची माणसं सुलभाचं शिवणयंत्र न्यायला आली. सुलभा मला बोलवायला आली होती, म्हणून मी तिथे होते. सोसायटीचा साहेब वयाने लहान होता, त्यालाही हे बरं वाटत नव्हतं. म्हणाला, "ताई, सही तुमच्या मिस्टरांची आहे. आम्ही काय करणार?"

सुलभाने मान हलवली. मशीन उचलायच्या आधी ती खाली वाकली, स्क्रू सैल केला आणि सुई काढून घेतली. "ही मी कालच बसवली," म्हणाली, आणि साडीच्या पदराला टोचून ठेवली.

दुसऱ्या दिवशी यशवंताची बायको आली. हातात काही नाही. पायरीवर बसली. सुलभा तिच्या शेजारी जाऊन बसली. माणसं रस्त्याने जात-येत राहिली. बऱ्याच वेळाने सुलभा आत गेली आणि दोघींसाठी चहा घेऊन आली. साखर नव्हती.

बुधवारी पाळकीणबाई चाचरत म्हणाल्या, "तरी शास्त्रात सांगितलं होतं, हरणासारखं सुटावं."

"हरणाला मित्र नसतो," एस्तेरमावशी म्हणाल्या. "म्हणून पळता येतं त्याला."

*

नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय सगळ्यांना ठाऊक असतो. सद्गुणी स्त्रीचा. आमच्यात लग्नाच्या उपासनेत तो हमखास वाचतात. ती उजाडायच्या आधी उठते, घरच्यांना अन्न देते, सूत कातते, शेत पारखून विकत घेते, गरिबाला हात पुढे करते. पाळकीणबाई उभ्या राहून वाचत होत्या. 'तिचा दिवा विझत नाही' इथपर्यंत आल्या आणि पुस्तकासकट खाली बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच.

रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि विचारलं, "ह्या जेवतात का?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पाळकांच्या घरी कधीही जा, बाई चहा पुढे करायच्या. गावाहून आलेला माणूस त्यांच्याकडून उपाशी गेला नव्हता. सलाइन लागलं तेव्हा मी आणि सुलभा त्यांच्या घरी पेज करायला गेलो. स्वयंपाकघर आरशासारखं. फळीवर डबे ओळीने, झाकणं घट्ट, घासून चकचकीत. सुलभाने एक उचलला, मग दुसरा. मग तिने उघडून बघणं सोडलं, नुसती बोटाने वाजवत गेली. सगळे सारखेच वाजले.

पाळकसाहेब दारात उभे होते. भला माणूस. पगार कमी म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि दारातून कुणाला परत पाठवलं नाही. ते म्हणाले, "मला वाटायचं, ती आधी जेवून घेते."

संध्याकाळी पाळकीणबाईंना बरं वाटलं. कॉटवर पडल्या पडल्या म्हणाल्या, "अध्याय अर्धाच राहिला."

मावशी त्यांचे पाय चेपत होत्या. म्हणाल्या, "राहू दे. तो कुणी सांगितलाय ठाऊक आहे ना? राजाच्या आईने राजाला. सून कशी हवी ते सासूने सांगितलं. त्यात देवाचं काय?"

पाळकीणबाई इतक्या हसल्या की नर्स ओरडली. मग हसता हसता रडू लागल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

*

आता मावशींच्या पेटीचं सांगते. पेटी म्हणजे शवपेटी.

मावशींच्या परसातला फणस पडला होता. त्यांनी लाकूड वाळवलं आणि भर पावसाळ्यात आबा सुताराला बोलावून स्वतःची पेटी करून घेतली. हिशेब साधा होता. पावसात सुताराला काम नसतं, तेव्हा मजुरी कमी. मेल्यावर घाईने करायला गेलं की तो सांगेल ती किंमत. आबाला जित्या माणसाचं माप घेता येईना, तेव्हा मावशी स्वतः जमिनीवर आडव्या झाल्या. "डोक्याशी, पायाशी जागा सोडू नको," त्याला म्हणाल्या. "तिथे कोण कूस बदलतंय."

मावशी ठेंगण्या. पेटी तेवढीच झाली. रिकामी वस्तू खराब होते म्हणून त्यांनी त्यात वर्षाचा तांदूळ भरला, वर कडुलिंबाचा पाला घातला. पुढे काही वर्षं त्या पेटीतून तांदूळ काढून जेवल्या. आम्हाला आधी कसंसंच व्हायचं. मग सवय झाली.

मशीन गेल्यावर दानिएल कारखान्याची ड्यूटी संपली की मासेमारीच्या लाँचवर बर्फ चढवायचं काम करायचा. नारळी पौर्णिमा होऊन लाँची नुकत्याच सुटल्या होत्या, पाऊस मात्र हटला नव्हता. एका सकाळी खांद्यावर बर्फाची लादी घेऊन तो फळीवरून जात होता. फळी ओली. तो लाँच आणि धक्क्याच्या मधे पडला. वर काढला तेव्हा संपला होता.

पाऊस असा की समोरचं घर दिसेना. वखार बंद, कोरडं लाकूड कुठे नाही. पाळकसाहेब छत्री घेऊन तीन-चार ठिकाणी फिरून आले. सुलभा भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "चादरीत नेऊ. त्याला चालेल."

एस्तेरमावशी उठल्या आणि घरी गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी ओटीवर चादर पसरली, आम्ही दोघींनी पेटी धरून कलती केली आणि सगळा तांदूळ चादरीवर ओतला. मावशींनी पदराने आतून पेटी पुसली. कोपऱ्यातले दाणे बोटाने काढले.

पण दानिएल उंच. पेटीत मावेना. आबा सुतार हातोडी घेऊन उभा. मावशीच म्हणाल्या, "पायाकडची फळी काढ. माझ्या फडताळाच्या फळ्या घे, पुढे जोड." आबाने तसं केलं. फणसाच्या पिवळ्या लाकडाला पुढे काळ्या, तेलकट फळ्या.

माती दिल्यावर माणसं मावशींच्या ओटीवर निवाऱ्याला आली, भिजलेली, थंडीने कुडकुडणारी. कारखान्यातले कामगार, लाँचवरचे खलाशी, यशवंताची बायको आणि तिची पोरं. मावशींनी चर्चमधलं मोठं पातेलं मागवलं होतं. भात शिजत होता. एक खेप उतरली की लगेच दुसरी चढत होती. जिने आयुष्यात पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही, ती बाई फटक फटक करत पानापानावर फिरून वाढत होती. सुलभासमोर बसून तिने स्वतःच्या हाताने तिला चार घास भरवले.

चादरीवरचा ढीग अर्ध्याहून खाली गेला तसं पाळकीणबाईंना राहवेना. त्या जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, अहो, अजून पाऊस बाकी आहे. थोडा तरी ठेवा की."

मावशी तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

"कशात ठेवू?"