शेतावरचं कुत्रं आनि माझी जीभ

जनावर नुसतं बघून त्याचं गुन सांगनारा मानूस आमच्या कर्जत-खालापुराकडं माझ्यासारखा दुसरा नाय. मी आजवर तीन बैल पारखून घेतले, त्यातले दोन लंगडे निघाले आनि तिसऱ्याला दिसत नव्हतं.

आता बैल नायत, टेंपो हाय. इटा, खडी, कोनाच्या लग्नाच्या खुर्च्या, जे मिळंल ते वाहतो. शाळा तिसरीपर्यंत. पाटी मी फोडली का मास्तरांनी, यावर घरात अजून दोन मतं हायत. पन तोंड मातर देवानं दिलंय. दहिवलीत कुठं चार मानसं उभी असली तर पाचवा मी आनि बोलनारा बी मीच.

आमचं कुत्रं तसं आमचं नव्हं. नदीकडच्या एका फार्महाऊसवाल्यानं बंगला इकला, सामान नेलं आनि कुत्रं ठेवून गेला. पिवळं, जाडं, लांब कानाचं लॅब्राडोर. वॉचमन म्हनाला, "घेऊन जा रं, न्हायतर मरंल उपाशी." मी आनलं रखवालीला. पहिल्याच आठवड्यात कोंबड्या चोरायला कोनतरी आलं, तर ह्यानं त्याचं पाय चाटलं. नाव कायतरी इंग्रजी होतं, ते आमच्या तोंडात बसंना. नुसतं "ये रं" म्हनलं का येतं.

ते कुत्रं झालं माझ्या पोरीचं. पोरगी पाचवीत. घरात बोलती, पन बाहेरच्या मानसापुढं तिचं ओठ शिवल्यासारखं व्हतात. बाई सांगायच्या, "कागदावर सगळं येतं हिला, तोंडानं एक अक्षर सांगत नाही." मी म्हनायचो, "बाई, मी सांगतो की, काय इचारायचं ते मला इचारा." पाव्हन्यांनी नाव इचारलं का मीच सांगायचो. दुकानात काय पायजे तेबी मीच. मला वाटायचं, बाप असावा तर असा.

जनावरांच्या डॉक्टरकडं कुत्र्याला सुई टोचायला नेलं, पोरगी बी संगं होती, तवा डॉक्टरनं पोरीलाच इचारलं, "काय गं, जेवतो का नीट?"

मी म्हनलं, "जेवतो म्हंजे काय सायेब, माझ्या ताटातलं पन जेवतो."

डॉक्टर माझ्याकडं बघतच नव्हता. पोरगी कुत्र्याचं तोंड कसं धरती, ते बघत होता. म्हनाला, "शिळफाट्याकडं एका मैदानावर पुढच्या महिन्यात डॉग शो आहे. लहान मुलांचा एक गट असतो. त्यात कुत्रा कसा आहे ते बघत नाहीत. मूल त्याला कसं धरतं, कसं चालवतं, पंचांनी विचारलं तर काय सांगतं, त्याचे मार्क. पाठवा हिला."

घरी आल्यावर पोरीनं आईच्या कानात सांगितलं, "मला जायचंय." बायको मला म्हनाली, "अवो, कधी कायच मागितलं नाय तिनं. आपलं आपन बोलायला जाते म्हनते. न्यायलाच पायजे."

मी म्हनलं, "नेतो. बक्षीस तर आपलंच."

डॉक्टर जे सांगत होता, त्यातलं मी फकस्त 'शो' एवढंच ऐकलं होतं.

मग खळ्यावर तयारी. पोरीनं मोबाईलवर बघून सगळं शिकून घेतलं होतं. कुत्रा डाव्या अंगाला. चारी पाय सरळ. पंच जिकडं जाईल तिकडं कुत्र्याचं तोंड, आनि पंच न कुत्रा यांच्या मधी आपन यायचं नाय. मी म्हनलं, "हे सोड गं बाय. बाजारात बैल उभा करतात तसा कर. शेपटीच्या मुळाशी बोट लाव, मान आपोआप वर जाती." बोट लावलं, तर ते कुत्रं खाली बसलं न माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं का मीच लाजलो.

पोरगी हसली. मग रोज संध्याकाळी ती त्याला खळ्याभोवती गोल फिरवायची न मी मधी उभा राहून जीभ टाळ्याला लावून टॅक टॅक करायचो, बैलाला करतात तसं. कुत्रं टॅक ऐकलं का पळत सुटायचं. मी बायकोला म्हनलं, "बघ, कसं शिकवलं." बायको म्हनाली, "त्याला वाटतं तुमी भाकर देनार."

शोच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आदी उठलो. बैल बाजारात न्यायचा तर अंगाला तेल लावून चमकवायचा, ही आपली रीत. अर्धी बाटली खोबरेल मी त्या कुत्र्याच्या अंगात जिरवली. असा चमकत होता का मला त्यात माझं तोंड दिसत होतं. मी टेंपो काढायला गेलो, तेवढ्यात हा जाऊन पेंढ्यात लोळला. परत आला तवा कुत्रं नव्हतं, पेंढ्याची चालती उडवी होती.

 पोरीचं डोळं भरलं, पन ती बादली घेऊन बसली. बायकोनं शाम्पू काढला. दोघींनी तीनदा धुतलं. लग्नात मला कोनी शाम्पू लावला नव्हता, तसा लावला. मी तोंड उघडलं तशी बायको म्हनाली, "तुमी टेंपोत जाऊन बसा."

मैदानावर दोऱ्या बांधून चौकोन केलेला. एकेकाची कुत्री अशी, का मी माझ्या केसावरून हात फिरवून घेतला. लहान मुलांच्या गटात सहा पोरं. आमची शेवटची. गळ्यात नंबर बांधला, डोक्याला तेल, नवा ड्रेस, अन हात असा घट्ट पट्ट्यावर का बोटं पांढरी झालेली. मी न बायको दोरीला चिकटून.

पंच म्हंजे एक बाई, केस पिकलेल्या, हातात माईक. वाकून पोरीला म्हनाल्या, "किती वर्षांचा आहे हा?"

पोरीनं तोंड उघडलं. मी बघितलं, उघडलं होतं. आनि दोरीवरून मी ओरडलो, "सहा, बाई! कागद नाय, पन सहाच!"

पोरीचं तोंड मिटलं.

बाई म्हनाल्या, "बरं, पळवून दाखव." पोरगी निघाली, चांगली निघाली, पन कुत्रं जरा रेंगाळलं. आनि माझी जीभ, काय सांगू, मी नाय केलं, तिनंच केलं. टॅक टॅक.

कुत्रं वळलं ते सरळ माझ्याकडं. पोरीनं पट्टा सोडला नाय. सोडला असता तर बरं झालं असतं. दोरीपर्यंत फरफटत आली, गुडघे फुटले, नंबर मातीत. कुत्रं माझ्या खिशात तोंड घालून भाकर हुडकत होतं. लोकं हसली. आयुष्यभर मी लोकांना हसवलं, पन ते हसू मला त्या दिवशी पहिल्यांदा नको झालं.

बाई माझ्याजवळ आल्या. रागावल्या नायत, तेच वाईट. म्हनाल्या, "वडील का? मुलगी चांगली धरते. तिला परत एकदा संधी देते. तुम्ही मात्र तो पाण्याचा टँकर आहे ना, त्याच्या मागं जाऊन उभे राहा. इकडं दिसायचं नाही."

मी पोरीकडं बघितलं. वाटलं, आता रडंल, म्हनंल पप्पा जाऊ नका. तिनं गुडघ्याची माती झटकली न हातानं मला इशारा केला. जा म्हनून.

टँकरमागं टँकरवाला पाईप लावत होता. म्हनाला, "काय झालं?"

"हाकलला."

"चावरं हाय का कुत्रं?"

"कुत्रं नाय रं. मी."

तिथून काय दिसत नव्हतं. फकस्त माईक ऐकू येत होता. बाईंचा आवाज आला, "आता सांग बेटा, हा तुमच्याकडं कसा आला?"

मग कायच नाय. शांतता. माझ्या तोंडात ती सगळी कहानी आली, फार्महाऊस, वॉचमन, कोंबड्या. मी खांद्यावरचं फडकं काढलं न तोंडात कोंबलं. टँकरवाला घाबरून लांब सरला. मला एवढंच कळत होतं, का आता मी बोललो तर ही पोरगी जन्मात बोलायची नाय.

शांतता लई लांबली. मग एक बारीक आवाज आला. माईकमधून. माझ्या पोरीचा.

आनि त्याच टायमाला त्या भाड्या टँकरवाल्यानं मोटर चालू केली. घर्रर्र. मी फडकं काढून बोंबललो, "बंद कर रं!" तो म्हनाला, "काय?" "बंद कर!" "काय म्हनता?" त्यानं बंद करेस्तोवर तिकडं टाळ्या वाजत होत्या. चांगल्या वाजत होत्या, दया म्हनून वाजवतात तशा नाय.

मी धावत गेलो. सहा पोरांत आमची चौथी. कप पहिल्या तिघांना, हिला नुसता कागद. पन बायको पदरानं डोळं पुसत होती न पोरगी एका अनोळखी पोराला कुत्र्याचा पंजा कसा धरायचा ते सांगत होती. तोंडानं. मोठ्यानं. त्याला आईस्क्रीम खायला जायचं होतं, पन हिचं संपंना.

तो पोरगा गेल्यावर मी तिच्या पुढ्यात बसलो. "बाय, काय सांगितलंस गं? मोटर चालू होती. वॉचमनचं सांगितलंस का? कोंबडीचोराचं? त्याचं पाय चाटलं ते सांगायचं होतंस, लोकं हसली असती. का माझं सांगितलंस? मी आनला असं सांगितलंस ना? आनि बाई काय म्हनाल्या? मला वाटतं त्या म्हनाल्या असतील का—"

पोरीनं कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात दिला. म्हनाली, "पप्पा, तुमी आदी गप बसा. मग सांगते."