आत्यांचा चेहरा

डॉक्टरांनी 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द उच्चारला तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने सासूबाईंच्या मांडीवरच्या आमच्या तान्ह्या मुलीकडे पाहिलं. आजाराचं नाव मला नीट कळलं नव्हतं, पण आता पोर माझ्याजवळ एकटी ठेवणार नाहीत, एवढं मात्र त्याच क्षणी कळलं.

आम्ही लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावचे. दवाखान्यात जाण्याआधी कित्येक आठवडे मला आवाज येत होते. पाण्याच्या टाकीमागून बायका माझ्याबद्दल बोलायच्या. जाऊन पाहावं तर तिथे नुसतं गवत. मग एका सकाळी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मुलीसाठी नाचणीचं सत्त्व केलं आणि त्यात काहीतरी कालवलंय अशी माझी खात्रीच झाली. मी वाटी हिसकावून भिंतीवर फेकली. गरम सत्त्व आत्यांच्या हातावर उडालं. मुलगी किंचाळत होती. दुपारी आम्ही लोणावळ्याच्या दवाखान्यात होतो.

या आजारात खरं काय आणि भास कुठला, यात मेंदू गल्लत करतो, असं डॉक्टरांनी समजावलं. गोळ्यांनी आवाज हळूहळू विरले. मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय! साधा चहा जमेना. साखर घातली का, ते आठवायचं नाही. दूध उतू जायचं आणि मी शेजारीच उभी. बारावीला गणितात पहिली आलेली मी चहाला घाबरायला लागले. याला 'कॉग्निटिव्ह' अडचण म्हणतात. लक्ष टिकणं, कामाचा क्रम लावणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं, सगळंच कच्चं होतं. तुमच्या घरात कोणाचं असं होत असेल तर कृपा करून त्यांना आळशी म्हणू नका.

दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडम मला चेहऱ्यांचे फोटो दाखवायच्या. एका बाईचे डोळे मोठे, ओठ ताणलेले. "रागावलीय," मी म्हटलं.

"पुन्हा बघा. घाबरलीय ती," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला सगळीकडे राग दिसतो. मनात भडका उठला की आधी थांबा, दोन्ही हात कशावर तरी टेकवा. मग अंदाज बांधू नका, सरळ विचारा."

सरळ विचारा! सासूला! मॅडमचं लग्न झालेलं नसावं.

घरी आत्या माझ्याकडे डोळे मोठे करूनच पाहायच्या. मुलीला कडेवरून खाली ठेवायच्या नाहीत. परवा नवरा कामावर गेलेला, घरात आम्ही तिघीच. तीच वाटी, तेच सत्त्व आणि आत्यांची तीच नजर. माझ्या मनात भडका उठला. आवाज परत येताहेत की काय, अशी भीती वाटली. मी दोन्ही हात ओट्यावर टेकवले.

"आत्या, तुमी माझ्यावर रागावलाय का?"

त्यांनी मुलीला आणखी जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "न्हाई गं. मला तुजं लय भ्या वाटतं."

"मला बी," माझ्या तोंडून निघालं.

"माजं?"

"न्हाई. माझंच."

आत्या खाली बसल्या, मलाही बसवलं. मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि वाटी हातात. मी भरवत होते तेवढा वेळ त्यांनी मुलीच्या झबल्याचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. त्या हातावर भाजल्याचा डाग अजून आहे. माझं लक्ष तिकडे गेलं तशी त्यांची मूठ सैल व्हायला लागली.

"सोडू नका, आत्या," मी म्हटलं.