हुकूमशहाच्या आधीची पानं

गुरुवारी दुपारी माझा नवरा कामावर असताना गेला. रिफायनरीतून फोन आला तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात होते.

आमची मुलगी तेव्हा नववीत होती. इतिहासात तिला एक लांबलचक धडा होता: पहिलं महायुद्ध संपल्यावर युरोपात हुकूमशहा कसे वर आले. पुस्तक इंग्रजी. कुवेतमधल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी सकाळी, खुबुसची रोटी आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता, तो तिला हा धडा मराठीतून सांगायचा. फार सावकाश. हरलेलं युद्ध, पावाची किंमत, काम नसल्याने घरी बसलेले कारकून, संसदेतली रोजची भांडणं.

"बाबा, डिक्टेटर कधी येणार? परीक्षेला तोच आहे."

"येईल. घाई त्याला आहे, तुला कशाला?"

त्या माणसाबद्दल सगळेच बोलतात, तो म्हणायचा, मला त्याच्या आधीची दमलेली माणसं बघायची आहेत. धडा अर्धाच राहिला.

नाशिकला दिवसकार्य करून आम्ही दोघी परत आलो. थोरले दीर नाशिकहून रोज फोन करू लागले. मायेनेच. "तू आता कसलाच विचार करू नकोस. मी सगळं बघतो. पोरीसाठी इथल्या शाळेत बोलून ठेवलंय. महिन्याभरात या."

माझी शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी होती. मुलीचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, माझ्या नावावर होण्यासारखा होता. पण त्यासाठी खेटे घालायचे होते, आणि मला चहाचा कप विसळायचंही जिवावर येत होतं. मी म्हटलं, "दादा, तुम्ही ठरवाल तसं." त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती "ओके" म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बट आई, आपल्याला कोणी विचारलं?"

"काका आपल्या भल्याचंच बघतात."

"आय नो. पण तू हो का म्हणालीस?"

"दमले गं."

शुक्रवारी मी तो धडा पुढे घेतला. जर्मनीच्या संसदेनेच मतदान करून कायदे करण्याचा हक्क एका माणसाच्या हाती दिला, त्या पानाशी आलो. विरोधातले काही तुरुंगात होते, सभागृहात गणवेशातली माणसं उभी होती, तरी काहींनी नकार दिला. बाकीच्यांनी होकार दिला. हे मराठीत सांगता सांगता मी थांबले. दादांना त्या माणसाशेजारी बसवणं पाप होईल. पण होकार देणाऱ्यांना त्या रात्री कशी झोप लागली असेल, ते मला कळलं.

दुपारी मीच फोन केला. "दादा, परीक्षा इथेच होऊ दे. पुढचं आम्ही दोघी ठरवू."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे."

इकाम्यासाठी खेटे घातले. आता मुलगी दहावीत आहे. दादा सणावाराला फोन करतात, लवकर ठेवतात. पुढच्या वर्षी कुठे राहायचं ते ठरलेलं नाही. ते आम्हाला ठरवायचं आहे.