पुण्याच्या चारूचा जोगवा

तुळजापुरात मागणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. पण घर बघून मागणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. तिचं नाव चारुशीला. आमच्या आळीतल्या नारायणरावांची थोरली लेक, लग्न होऊन पुण्याला गेलेली.

नारायणराव निजामाच्या अमलात तहसील कचेरीत कारकून. उर्दूत अर्ज लिहावा तर त्यांनीच. पुढं निजाम गेला, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, कचेरीत मराठी आली, तसा नारायणरावांचा जीव गावात रमेना. राहतं घर विकून ते लेकाकडं पुण्याला निघून गेले. सामान हलवायला चारू आली होती. समया, हंडे, पाटा-वरवंटा, एवढंच काय, आडावरचा रहाटसुद्धा तिनं उतरवून नेला. डोळ्याला टिपूस नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं ती लई रडली.

बासष्टच्या चैत्रात एका मंगळवारी सकाळी ती आमच्या ओट्यासमोर उभी राहिली. अंगावर नायलॉनचं पातळ, हातात नवीकोरी परडी, गळ्यात कवड्यांची माळ आणि पायांत चपला.

"भाऊ, काय ही दशा! कुठे गेलं हो आपलं तुळजापूर? त्या एसटीनं गावाची कळाच घालवली."

"आलीस कशानं?"

"एसटीनं."

आमच्या विमलनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मला आतूनच डोळे वटारले.

चारूचं दुखणं असं. तिचा मार्तंड लहानपणी विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता. तेव्हा ही देवीला बोलून बसली : पोरगा उठू दे, माझ्या माहेरच्या आळीत पाच घरी अनवाणी जोगवा मागीन. पोरगा उठला, शिकला, बँकेत चिकटला. नवस तेवढा राहिला. देवी काय, थांबते बिचारी. पण मार्तंडाच्या दोन सोयरिकी जमून मोडल्या. तिसरी जमली, वैशाखातला मुहूर्त निघाला, आणि चारूची सासू अडून बसली. "देवीचं फेडून ये. तोवर या घरात हळद फुटायची नाही." म्हातारीनं नुसतं बोलून सोडलं नाही, हळकुंडांचा डबा उशाशी घेऊन झोपायला लागली.

म्हणून ही धावली. पाच घरचं पीठ मिळून त्याची भाकरी पोटात जाईपर्यंत उपास. आदल्या रात्रीपासून चहाचा घोटही नव्हता.

"सोपं आहे की," मी म्हटलं. "चपला काढ अन् चल."

"तसं नाही भाऊ. घरं आपली हवीत. जुनी. आईच्या ओळखीची."

पहिलं पीठ विमलनंच वाढलं. दुसरं वनमालेनं. ही चारूची बालमैत्रीण, समोरच राहायची. चारू तिच्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडता म्हणाली, "वने, चुलीच्या धुराचं घर किती छान होतं गं तुमचं! हा स्टोव्ह कशाला आणलास?"

"तू घरी चूल पेटवतेस व्हय?" वनमालेनं विचारलं.

"आमच्याकडे गॅस आहे," चारू नाक पुसत म्हणाली.

तिसरं घर एका म्हाताऱ्या पुजाऱ्याचं. त्यानं हिला ओळखलंच नाही. यात्रेकरू समजून मूठभर पीठ दिलं आणि वर नारळाचं तबक पुढं केलं. हिला राग आला, पण पीठ पीठच होतं.

मग आम्ही नारायणरावांच्या घरासमोर आलो. तिथं आता वीरप्पाचं हॉटेल. वीरप्पा आळंदकडचा, मराठी बोलला तरी कानडीचा हेल सुटत नव्हता. तुळशीच्या जागी भट्टी, भट्टीवर भज्यांची कढई. चारूनं पदर तोंडाला लावला. आळीतला डांबरी रस्ता चैत्राच्या उन्हानं तापलेला. बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत रडत होती. मी असं रडणं पूर्वी तमाशातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"जोगवा वाढा," ती पुटपुटली.

"पीठ न्हाई बाई," वीरप्पा म्हणाला. "गरम भजी हायेत बघा. दोन प्लेट देऊ?"

"अरे, जोगवा मागतात त्या," मी म्हटलं.

"मग बेसन चालतंय का?"

चारूनं माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, हॉटेल म्हणजे घर का हो?"

"माझं बिऱ्हाड वर माडीवर हाय," वीरप्पा म्हणाला. "पोरंबाळं इथंच झाली. घर न्हाई तर काय धर्मशाळा व्हय ही?"

पोटात आग पडलेली, पायाखाली आग. बेसन परडीत आलं. चार झाली.

पाचवं मिळेना. जोश्यांच्या दाराला कुलूप, मंडळी औरंगाबादला. त्यापलीकडच्या घराचं लॉज झालेलं. एका ठिकाणी फोटोवाला. त्यानं काचेच्या पेटीमागून डोकावून "पासपोर्ट की पूर्ण?" असं विचारलं. चारू उन्हात दोनदा आळीच्या टोकापर्यंत जाऊन आली. टोकाला एक दार उघडं होतं, ते ती प्रत्येक वेळी न पाहिल्यासारखं करून वळत होती.

ते कडूबाईचं. कडूबाईची आई नारायणरावांच्या अंगणात शेण घालायला यायची. चारूची आई तिला रात्रीची भाकरी वरूनच ओंजळीत टाकायची, हात लागू न देता. कडूबाईनं यात्रेकरूंना भाकरी-पिठलं घालता घालता कोपऱ्यावरचं घर विकत घेतलं, दारावर खानावळीची पाटी लावली, आणि अंगावर इतकं सोनं चढवलं की देवीनंही एकदा वळून पाहावं. गरीब स्वभाव वगैरे काही नाही. बाई भांडखोर, तोंडाळ आणि श्रीमंतीची हौस भारी.

"चारू, तेवढंच राहिलंय," मी म्हटलं.

"दुसऱ्या आळीत गेलं तर?"

"नवस माहेरच्या आळीचा. तूच बोललीस."

"मग उद्या सकाळी?"

"उद्या बुधवार. जोगव्याचा वार गेला की शुक्रवारपर्यंत उपास काढ."

तिच्या तोंडात गिळायला थुंकीही राहिली नव्हती. गेली.

कडूबाई पहिल्या घरापासून दारात बसून सगळी गंमत बघत होती. पण आता तिला काहीच दिसेना.

"कोण हाय?"

"जोगवा," चारू म्हणाली.

"आं? भांड्यांचा लई आवाज हाय आत. मोठ्यानं बोला."

"जोगवा वाढा."

"अगं बया, चारूताई व्हय! मला वाटलं जेवायला आलंय कुणी. असा मागतेत का जोगवा? उदो करा की. देवीचं मागताय, चोरीचं न्हाय."

आळीतली चार दारं उघडली. वीरप्पा झारा हातात घेऊन बाहेर आला. चारूनं डोळे मिटले आणि ओरडली, "आई राजा उदो उदो! जोगवा वाढा माय!"

'माय' म्हटल्यावर कडूबाई उठली. आतून ज्वारीचं पीठ पसाभर घेऊन आली. चारूनं परडी मागं सरकवली आणि कमरेचा हातरुमाल काढून पुढं पसरला.

"यात घाला. परडी भरलीय."

कडूबाईनं परडीत पाहिलं. तळाला जेमतेम चार मुठी. तिनं रुमालाशेजारून हात नेऊन पीठ परडीत ओतलं, मग सोन्याच्या पाटल्या वर सारल्या आणि हात मनगटापर्यंत परडीत घालून पीठ खालवर केलं, विमलचं, वनमालेचं, पुजाऱ्याचं, बेसनासकट, भाकरीला मळतात तसं.

"आता घ्या," ती म्हणाली. "न्हाय तर एकेक कण निवडत बसा."

चारू रुमाल धरून उभी होती. मी म्हटलं, "पाच झाली. चल, विमल तवा ठेवून बसलीय."

बेसनामुळं भाकरी तव्यावर तुटत होती. चारूनं तुकडे तुकडे खाल्ले, ठेचा मागून घेतला, शेवटी परातीला चिकटलेलं पीठही खरवडायला लावलं.

वैशाखात मी पुण्याला लग्नाला गेलो. हळद लागली होती, मांडव झकास होता. पंगतीत चारू व्याह्यांना सांगत होती, "पाचही घरं अगदी आपली हो! जुनी माणसं! अजून तीच माया!"

"खरंय," मी म्हटलं. "आमच्या कडूबाईनं तर..."

चारूनं वाढप्याच्या हातातलं ताट हिसकावलं आणि माझ्या पानात जिलब्यांचा ढीग केला. "भाऊ, आधी जेवा!"

जेवलो. जेवताना बोलू नये. व्याही विडा जमवत बसले तेव्हा मी त्यांच्याशेजारी जाऊन टेकलो.