एनिडबाईंची सकाळी सातची फेरी

एनिड क्रॉशॉबाईंना कुणी कधी खोटं बोलताना पकडलं नाही, आणि त्यांच्या सगळ्या दुर्दैवाचं मूळ तिथेच आहे. थोडं खोटं बोलता आलं असतं तर बाई आज सुखात असत्या.

यॉर्कशरमधल्या आमच्या स्कारबेक गावात त्या शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं वाढपी होत्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, ‘नागरिक निरीक्षक’ नेमायला काढले. पगार नाही, पण गळ्यात अडकवायला फोटोचं ओळखपत्र आणि हातात छापील तक्ते. गावातल्या दिव्यांवर, कचऱ्यावर, बागांवर नजर ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी तक्ते जमा करायचे. त्यावरून कौन्सिल प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका द्यायचं. बाकीच्यांनी बागा मागून घेतल्या. एनिडबाईंनी बाजारचौकातलं शौचालय मागितलं.

त्याला कारण होतं सिरिल, त्यांचा नवरा. जन्मभर बस चालवलेला माणूस, ऑपरेशननंतर अर्धा तासही लघवी धरू शकत नव्हता. दर गुरुवारी तो चौकातल्या बाकावर दोन जुन्या ड्रायव्हर दोस्तांबरोबर बसून अख्ख्या गावाची टिंगल करायचा. आठवड्यातून तेवढाच त्याचा जीव रमायचा. बाकापासून वीस पावलांवर ते शौचालय होतं म्हणून हे जमत होतं. ते नीट राहावं, एवढीच बाईंची इच्छा.

रविवार सोडून रोज सकाळी सातला बाई तिथे हजर. फरशी, साबण, कागद, दिवा, कडी, सगळ्यावर खुणा करायच्या. सफाईवाला सहाला येऊन जायचा. आठनंतर गेलं तर लोकांनी केलेली घाण त्या बिचाऱ्याच्या माथी बसेल, म्हणून सातच. तक्त्यात शेवटी एक रकाना होता, ‘आत कोणी आहे का?’ बाई जवळजवळ रोज तिथे ‘नाही’ लिहायच्या. आत कुणी असताना पाहणी करायला त्यांना लाज वाटायची, त्यामुळे ‘नाही’ लिहिताना बरंच वाटायचं.

“अगं, सकाळी सातला मुतायला कोण येतंय तिथे? मांजरंसुद्धा झोपलेली असतात,” सिरिल म्हणायचा.

“म्हणूनच जाते. पाहणी कशी, शांतपणे झाली पाहिजे.”

“कौन्सिलने तुला दाराची कडीच करून बसवावं. पगार तरी मिळेल.”

“चहा पी आणि गप्प बस.”

अशी दोन वर्षं गेली. एकदा दाढदुखीने तोंड सुजलं तरी बाईंची फेरी चुकली नाही.

मग सेवांच्या आढाव्याची सभा लागली आणि बाईंना खास आमंत्रण आलं. बाईंनी नवा कोट घेतला. सिरिलला टाय लावायला लावून पहिल्या रांगेत बसवलं. कामगिरी विभागाचा गॅरेथ लम हा गुळगुळीत दाढी केलेला पोरगेला साहेब उभा राहिला.

“आपल्या निरीक्षक मिसेस क्रॉशॉ यांनी दोन वर्षांत सहाशे बारा वेळा पाहणी केली,” तो म्हणाला. “स्वच्छतेला हिरवा ठिपका. पण त्यांच्याच नोंदींनुसार, सहाशे बारापैकी सहाशे नऊ वेळा आत एकही माणूस नव्हता. वापराला लाल ठिपका. शौचालय बंद करावं, अशी विभागाची शिफारस आहे.”

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या ताडकन उठल्या. “अहो, पण मी सकाळी सातला जात होते!”

“मिसेस क्रॉशॉ,” अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले, “नागरिकांचे प्रश्न तीन दिवस आधी लेखी द्यायचे असतात. तुमच्याइतकं नियमांचं महत्त्व कोण जाणतं? खरं तर आपण सगळ्यांनी यांच्यासाठी टाळ्या वाजवायला हव्यात.”

आणि टाळ्या वाजल्या. मी पाहिलंय, त्या सभागृहात इतक्या मनापासून टाळ्या क्वचितच वाजतात. सिरिलने वाजवल्या नाहीत. तो बायकोच्या नव्या कोटाकडे बघत बसला होता.

बाई हातपाय गाळून बसल्या नाहीत. पुढचे पंधरा दिवस त्या सकाळी अकरा ते बारा दारासमोर उभ्या राहिल्या. गुरुवारी एका तासात त्रेचाळीस माणसं आत गेली. तो तक्ता घेऊन त्या गॅरेथकडे गेल्या.

“छान काम केलंत,” गॅरेथ म्हणाला. “पण पाहणीची वेळ बदललीत ना तुम्ही. आधीच्या आकड्यांशी याची तुलना करता येत नाही. दोन वर्षांच्या नोंदी आम्ही पंधरा दिवसांसाठी कशा मोडीत काढणार?”

“ती माझी चूक होती हो.”

“छे, छे. तुमच्या नोंदीत एकही चूक नाही. आम्ही तपासून घेतल्यात.”

महिन्याभरात दाराला पत्रा ठोकला गेला.

सिरिलने हट्टाने गुरुवार सोडला नाही. चौकातल्या कॅफेत शौचालय होतं, पण गिऱ्हाइकांपुरतं आणि वरच्या मजल्यावर. तो एक केक घ्यायचा, न खाता ठेवायचा आणि जिना चढायचा. तिसऱ्या गुरुवारी जिन्यात रांग होती. पुढे एक बाई दोन लेकरांना घेऊन उभी होती. त्या दिवशी सोबत आलेल्या एनिडबाई खालून ओरडल्या, “अहो, यांना पुढे सोडा!” त्यामुळे सगळ्या कॅफेने मान वळवून वर पाहिलं, आणि नेमकं तेव्हाच सिरिलला धरवलं नाही. पायरीवरून ओघळ खाली आला. खिडकीतली दोन माणसं हसली. वाढणारी मुलगी ‘ओली फरशी’ असं लिहिलेली पिवळी पाटी घेऊन आली आणि त्याच्या बुटांशेजारी ठेवून गेली.

घरी आल्यावर बाईंनी त्याची पँट भिजत घातली. रडत म्हणाल्या, “मेल्यांनी बंद केलं, काय मिळालं त्यांना?”

सिरिल पलंगावर उघड्या पायांनी बसला होता. “त्यांनी कुठे केलं? ते तर कधी तिकडे फिरकलेही नाहीत. तू केलंस, रोज सकाळी, नेमाने.”

त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. दोस्त भेटायला आले की वर जाऊन बसायचा. तो भांडला असता, ताट फेकलं असतं, तर बाईंना सोपं गेलं असतं. पण तो अतिशय सभ्य झाला. चव्वेचाळीस वर्षं तो त्यांना एनी म्हणत आला होता. आता चहा हातात दिला की म्हणायचा, “धन्यवाद, मिसेस क्रॉशॉ.” पाठ चोळून दिली की, “आभारी आहे, मिसेस क्रॉशॉ.” पहिल्यांदा त्यांना थट्टा वाटली. नाताळपर्यंत त्यांनी हसण्याचा प्रयत्न सोडून दिला.

फेब्रुवारीत त्याला न्यूमोनिया झाला. डॉक्टर दवाखान्यात न्या म्हणाले, तो नाही म्हणाला. शेवटच्या दुपारी बाई त्याचा हात धरून बसल्या होत्या.

“सिरिल, माझं चुकलं रे. एकदा एनी म्हण. एकदाच.”

त्याने डोळे उघडले. शुद्ध पूर्ण होती, हे बाईंनी स्वतः मला सांगितलं, आणि बाई खोटं बोलत नाहीत. त्याने पाणी मागितलं. बाईंनी चमच्याने पाजलं, ओठ पुसले.

“फार छान सेवा,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.