शेवटच्या खासदाराचा कोट

निवडून आलं की आधी हारतुरे, मग मिरवणूक, मग आपसातली भांडणं, असा क्रम इतर राज्यांत असेल. या राज्यात आधी कोट. आणि तो शिवायचा कोर्टामागच्या गल्लीतल्या टेलरमास्तरच्या दुकानातच.

राज्य देशात सामील झालं तेव्हा त्याच्या वाट्याला संसदेतल्या सहा जागा आल्या. राजधानीत थंडी फार असते, असं कुणीतरी सांगितलं आणि सहाच्या सहा खासदार मास्तरच्या आजोबांसमोर हात पसरून उभे राहिले. आजोबांनी शिलाई घेतली नाही. म्हणाले, "पैसे राहू द्या. गल्लीच्या वतीनं एक शब्द टाकतो, तेवढा तिथं जाऊन बोला." तेव्हापासून रीतच पडली. मापं घेताना मास्तरनं एक मागणं सांगायचं आणि खासदारानं ते संसदेत मांडायचं. मोठा माणूस एरवी हाताला लागत नाही. पण काखेतून टेप गेलेली असताना पळणार कुठं?

आजोबांच्या शब्दाला नदीवरचा पूल मिळाला, वडलांच्या शब्दाला रेल्वेचा थांबा. मास्तरच्या नशिबी ओहोटी आली. खाणी बंद पडल्या, तरणी पोरं बाहेरच्या राज्यांत पांगली आणि दर शिरगणतीला जागा गळत गेल्या. सहाच्या चार झाल्या, चारांच्या दोन.

"खासदार कमी झाले, पण कापड तेवढंच लागतं की नाही?" समोरचा न्हावी विचारायचा. "घेर वाढलेत लेकाचे. राज्याचं वजन काही घटलेलं नाही, मास्तर!"

मास्तर हसायचा. मागच्या खासदाराकडं त्यानं नळाचं पाणी मागितलं होतं. तो गडी आख्ख्या कारकिर्दीत संसदेत एकदाच बोलला, तेही 'वारा लागतोय, खिडकी लावून घ्या' म्हणून.

मग दोनांची एक जागा झाली आणि जाहीर झालं की येती निवडणूक शेवटची, त्यापुढं हे राज्यच शेजारच्या थोरल्या राज्याला जोडणार. त्याविरुद्ध मोर्चा निघाला. मास्तरचा एकुलता एक मुलगा पायात चप्पल सरकवत होता. मास्तर सुई ओवता ओवता म्हणाला, "आपल्याला काय करायचंय त्या भानगडीत?"

"बाबा, आपलं तिथं बोलणारं कुणी नको का?" एवढं बोलून पोरगा गेला.

संध्याकाळी चौकात त्याला पोलिसांच्या निळ्या गाडीत कोंबताना न्हाव्यानं डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. ठाण्यात विचारलं की उत्तर ठरलेलं, "चौकशी चालू आहे." बरं, मग हरवल्याची तक्रार तरी घ्या, म्हटलं तर हवालदार वर हसायचा, "हरवला कुठं, काका? चौकशीत आहे ना!" निवडणूक येऊन ठेपली तरी चौकशी चालूच होती.

निवडून आल्या त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. गल्ली दुकानात जमली. दवाखाना नदीपलीकडं, शेजारच्या राज्यात हलवायचा हुकूम निघाला होता. न्हाव्याची लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली. एका जागेच्या राज्याला अधिवेशनात एकच प्रश्न विचारता येणार, म्हणजे शब्दही एकच आणि तोही शेवटचा.

"दवाखान्याचाच ना?" न्हाव्यानं विचारलं. विचारताना तो मास्तरकडं बघत नव्हता.

"दवाखान्याचाच," मास्तर म्हणाला.

लोक पांगल्यावर आतून बायको आली. तिनं खाली पडलेली कापडाची कात्रणं गोळा केली आणि विचारलं, "आणि आपला?"

"आपला आपल्यापुरता आहे. दवाखाना सगळ्यांचा."

"सगळ्यांना आपापली पोरं कुठं आहेत ते ठाऊक आहे," ती म्हणाली आणि कात्रणं घेऊन आत गेली.

ठरल्या दिवशी नर्सबाई आल्या, हात पसरून उभ्या राहिल्या, आणि तेव्हा कुठं मास्तरच्या डोक्यात उजेड पडला, की तीन पिढ्यांत या दुकानातून एकही बाई संसदेत गेली नव्हती. टेप हातात धरून तो कानापर्यंत लाल झाला.

"मास्तर, मी जन्मभर लोकांना सुया टोचल्या, आणि तुम्ही टेपला घाबरता?"

"तसं नाही बाई... घरात सांगतो."

बायकोनं टेप घेतली, पडदा ओढला. मास्तर बाहेर पेन्सिल घेऊन उभा राहिला. बाकावर न्हावी, दारात गल्ली.

"खांदा पंधरा," आतून आवाज आला. "छाती अडतीस. बाही एकवीस."

मास्तरनं घसा खाकरला. आता पडद्यावरूनच शब्द सांगायचा होता. तेवढ्यात आतून त्याच सुरात, माप सांगावं तसं, एक नाव आलं. मुलाचं, बापाचं, आडनावासकट. "माझा मुलगा आहे. कुठं ठेवलाय, तेवढंच विचारा."

न्हावी बाकावरून उठला. मास्तरनं फक्त 'तसं नाही बाई, दवाखाना' एवढं म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"कंबर किती?" मास्तर म्हणाला.

संसदेच्या यादीत दवाखान्याचा प्रश्न नाही म्हटल्यावर अधिवेशन सुरू व्हायच्या आतच त्याच्या खाटा ट्रकमधून पूल ओलांडून गेल्या. न्हाव्याच्या लेकीला एका पहाटे कळा सुरू झाल्या. रिक्षा पुलावर असतानाच ती बाळंत झाली आणि मूल रडलंच नाही. मास्तर आणि बायको भेटायला गेले, तर न्हाव्यानं दार उघडलं, दोघांकडं पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. तो शिव्या देता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त आपल्या दुकानातली खुर्ची फिरवून घेतली. आता गिऱ्हाइकाची दाढी करताना त्याची पाठ रस्त्याकडं असायची.

नर्सबाई शब्दाला जागल्या. प्रश्न आला त्या दिवशी मास्तरच्या दुकानात रेडिओ लावला होता. दारात कुणीच नव्हतं. आयत्या वेळी न्हावी आला. आत नाही आला, उंबऱ्याबाहेर हातात वस्तरा तसाच धरून उभा राहिला. या प्रश्नाची किंमत त्यानंही मोजली होती. ऐकायचा हक्क होता त्याला.

बाईंनी नाव स्पष्ट उच्चारलं. बायकोनं डोळे मिटले. मग मंत्र्याचं उत्तर आलं, वाचून दाखवल्यासारखं. या नावाच्या कोणत्याही इसमाला कधीही ताब्यात घेण्यात आलेलं नाही. पुढं दुसऱ्या राज्याचा, साखरेच्या भावाचा प्रश्न सुरू झाला.

"मग मी काय पाहिलं?" न्हावी म्हणाला. कुणालाच विचारलं नव्हतं त्यानं. वस्तरा मिटून तो निघून गेला.

मास्तर रेडिओ बंद करायला उठला आणि तसाच उभा राहिला. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं लावायचं, हे त्याच्या बापानं काही शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं धुतलेलं लुगडं नेसून त्याला उठवलं. "चला. आता तक्रार घ्यावीच लागेल त्यांना. चौकशीत नाही, असं त्यांच्याच मंत्र्यानं सांगितलंय."

ठाण्यात तोच हवालदार होता. आज तो हसला नाही. त्यानं कागद पुढं ओढला.

"कधीपासून हरवलाय?"

मास्तर मोर्च्याची तारीख सांगणार होता. बायको मध्येच म्हणाली, "कालपासून."

"मावशी, काल कसं? दोन वर्षं होत आली की."

"परवापर्यंत तुमच्याकडंच होता. तुम्हीच सांगत होता. कालपासून नाही. काल लिहा."

हवालदारानं मास्तरकडं पाहिलं, बायकोला समजवा अशा नजरेनं. "काका, असं लिहिता येत नाही हो."

"काल लिहा," मास्तर म्हणाला.

हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि साहेबांना विचारायला तो आत गेला. दोघं भिंतीकडेच्या बाकावर बसले. बाकावर आधीपासून एक म्हातारा बसलेला होता. तो जरासा सरकला आणि त्यानं त्यांना जागा करून दिली.