आत्याचा बिनवायरचा चार्जर

एका केमिकल कंपनीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, एकवीस वर्षं झाली. राहायला मोहोपाड्याला. हे आधीच सांगतोय, कारण या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त चुका काढायला वाचत आलोय. कुणाचा पंखा आपोआप फिरला... कुणाचा दिवा लुकलुकला... मी मनात म्हणायचो, अरे न्यूट्रलची वायर लूज असेल, बघून घ्या! आमच्या कंपनीत जुन्या पंपहाऊसमधला एक दिवा आपोआप लागायचा. लोक तिकडे एकटं जायचं टाळायचे. मी एका दुपारी स्विच उघडून दाखवला, आत मुंग्यांनी घर केलं होतं. त्यावर सगळ्यांकडून चहा उकळला होता मी.

तेव्हा आता जे लिहितोय ते वाचून तुम्ही माझी टर उडवणार, उडवा. मीही तेच केलं असतं.

माझी आत्या चौक गावावरून कर्जतकडे जाताना आत, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात राहायची. गावाचं नाव देत नाही. गावाच्या अगदी टोकाला दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. मामा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. पण माझी आई मी लहान असतानाच गेली आणि दहावीपर्यंत मला आत्यानेच वाढवलं, त्यामुळे तिला मूल नव्हतं असं म्हणणंही तसं खोटंच.

चिकनगुनियानंतर तिची बोटं वाकडी झाली होती आणि हात थरथरायचा. चार्जरची पिन ती इतक्या जोराने खुपसायची की दोन फोनचे पोर्ट तिने खिळखिळे केले. मग फोन बंद. तिचा फोन बंद लागला की मी हातातलं काम टाकायचो. बाइक काढायची आणि तडक गाव गाठायचं. तिथे ही बाई मजेत पडवीत बसून वाल सोलत असायची. "काय रं दिन्या, आज कसा काय?"

मी स्वतः वायरवाला माणूस. वायरने फोन लवकर भरतो, तापतो कमी, करंट वाया जात नाही. यावर कँटीनमध्ये वायरलेसवाल्या पोरांशी तावातावाने भांडलोय. पण आत्याच्या बोटांपुढे काय बोलणार? माझा जुना फोन वायरलेस चार्जिंगचा होता, तो तिला दिला आणि पुरीएवढं एक गोल पॅड आणलं. ॲडॅप्टर बोर्डाला लावला, वायर पॅडला जोडली, पॅड स्टुलावर ठेवलं.

"हे बघ आत्या, पिन नाही, खुपसणं नाही. यावर नुसता ठेवायचा. भरला की उचलायचा."

"नुसता ठेवायचा?"

"नुसता."

तिला एवढा आनंद झाला की तिने फोन पाच-सहा वेळा ठेवून-उचलून पाहिला. ठेवला की स्क्रीनवर हिरवं वर्तुळ यायचं आणि ती हसायची. खरं सांगतो, मलाही सुटल्यासारखं झालं. आता धावपळ नको. फोन रोज संध्याकाळी लागायचा, बोलणं व्हायचं, आणि माझं जाणं आपोआप कमी झालं. दोन महिने मी तिकडे फिरकलोच नाही.

फेब्रुवारीत एका मंगळवारी सुट्टी टाकून गेलो. दुपारचे बारा-साडेबारा. त्या दिवशी मेंटेनन्ससाठी अख्ख्या गावाची लाईट सकाळपासून बंद होती. आत गेलो तर स्टूल रिकामं, बोर्डाला काही नाही. पॅड होतं खिडकीच्या कट्ट्यावर, खाली छान विणलेला रुमाल. वर फोन. आणि पॅडला वायरच नाही!

"आत्या, वायर कुठाय?"

"ती व्हय? कपाटात ठेवलीय. उंदीर कुरतडतात रं."

"कधीपासून?"

"तू गेलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तूच बोललास ना, नुसता ठेवायचा?"

मला आधी हसूच आलं. म्हटलं शेजारी कुठेतरी चार्ज करून आणत असेल. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली आमच्याकडे कधी नाही आली. जुना चार्जर मीच घेऊन गेलो होतो. कपाट उघडलं तर वायर आणि ॲडॅप्टर रबर लावून, खोक्यात घालून ठेवलेले. वर धूळ. मग मी फोन हातात घेतला. चौसष्ट टक्के. आत्याला म्हटलं, ठेव बघू.

तिने ठेवला. हिरवं वर्तुळ आलं.

मी पॅड उचलून खालून-वरून पाहिलं. डिकीतून मीटर आणला, पॅडच्या तोंडाला लावून पाहिला. शून्य. बोर्डात लाईट नाही, पॅडला वायर नाही, आणि फोनवर पासष्ट... सहासष्ट... अर्ध्या तासात एकोणसत्तर. बॅटरी चुकीचं दाखवत असेल म्हणाल, तर तेही माझ्या डोक्यात आलं होतं. पण दोन महिने?

आता कुणी शहाणा असता तर गप्प बसला असता. हात जोडले असते. मला राग आला. कशाचा ते आजही नीट सांगता येत नाही, पण माझ्या विषयात, माझ्यासमोर असं काही चालावं हे मला सहनच होईना. मी तिला समोर बसवलं आणि समजावायला लागलो. यात कॉइल असते, करंट वायरमधून येतो, वायरशिवाय हे नुसतं प्लॅस्टिक आहे, हे चालूच शकत नाही.

"अरं पन चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?"

"नाही चालत, आत्या. चालतंय असं तुला वाटतंय."

"आनि तुला काय दिसतंय मग?"

मी आवाज चढवला. पुन्हा ठेव म्हटलं. तिने ठेवला, वर्तुळ आलं. पुन्हा समजावलं, पुन्हा ठेवायला लावला. चार वेळा, पाच वेळा. पाचव्या वेळी तिने ठेवण्याआधी माझ्याकडे पाहिलं. शाळेत फळ्यापाशी उभं केल्यावर पोरं बघतात तसं. फोन ठेवला, आणि वर्तुळ आलं नाही. तिने उचलून परत ठेवला. नाही आलं.

"बघ! म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो. आणि मला बरं वाटलं, हे लपवत नाही. फार बरं वाटलं.

आत्या रुमालाची घडी घालत म्हणाली, "बरं बाबा. तुजंच खरं."

लाईट आल्यावर मी पॅड बोर्डाखाली एका बुटक्या फळीवर स्क्रूने पक्कं बसवलं, वायर टेपने चिकटवली, म्हणजे परत तिने काढायला नको. निघताना तिने डब्यात सोललेले वाल घालून दिले. पडवीत उभी राहून नेहमी म्हणायची, पोचल्यावर फोन कर. त्या दिवशी मी बाइक सुरू करायच्या आत ती वाल सोलायला बसली होती.

मेच्या शेवटी आमच्या भागात जोराचं वादळ झालं. झाडं पडली, त्या पट्ट्यातले पोल आडवे झाले. गावात तीन दिवस लाईट नव्हती. पहिल्या दिवशी लोक उडालेले पत्रे गोळा करण्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मागच्या दाराशी पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती फोनसाठी सरपटत बोर्डापर्यंत आली, हाक मारायची ताकद नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण भाजी द्यायला आली तेव्हा ती फळीखाली सापडली. दीड दिवस ती तिथे पडून होती.

कर्जतच्या दवाखान्यात ती नऊ दिवस होती. मी शेजारी बसून असायचो. एकदा डोळे उघडून म्हणाली, "ठेवून बगत व्हते रं मी. वायर लावून ठेवला. मग टेप ओरबाडून वायर काढून पन ठेवला. लय येळा ठेवला. नाय आलं."

मी तिच्या पायावरची चादर सारखी करत राहिलो. तर तीच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुजा काय दोस? लाईटच नव्हती ना."

दहाव्या दिवशी ती गेली.

पॅड आता माझ्याकडे आहे. वायर काढून त्यावर फोन ठेवून पाहिलाय, कितीदा ते विचारू नका. काही होत नाही. मीटरला शून्य. त्या दुपारी चौसष्टचे एकोणसत्तर कसे झाले आणि मग ते का थांबलं, हे मला माहीत नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा असं लिहितोय.

स्पष्टीकरण माझ्याकडे आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. आत्या पडली त्याच दिवशी संध्याकाळी मी तिला फोन लावला होता. स्विच्ड ऑफ आला. बायको म्हणाली, "एकदा जाऊन या ना." तर मी तिला नीट समजावून सांगितलं... गावात लाईट नाही, म्हणजे पॅड बंद, पॅड बंद म्हणजे फोन बंद. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

तिला पटलं. मग आम्ही जेवायला बसलो.